सात वाजून चार मिनिटांचा बिघाड

'सदाशिव पेठ' आणि 'घरमालक' हे दोन शब्द एका ओळीत आले की लोक लगेच हसायच्या तयारीत बसतात. मला माहितीय, मीही बसायचो. तर आधीच सांगून टाकतो. आमच्या काकांच्या दारावर एकही पाटी नव्हती. दुपारी ते झोपायचे नाहीत. आलेल्याला चहा विचारायचे, आणि हो म्हटलं तर खरंच करायचे. ज्यांना ते नेहमीचं सगळं वाचायचं होतं त्यांची माफी मागतो.

आणि ज्यांनी घरातलं वायफाय नीट करायचंय म्हणून हे वाचायला घेतलंय, त्यांना उत्तर इथेच देतो. राऊटर उंचावर ठेवा. घराच्या मध्यावर ठेवा. लोखंडी कपाट, पाण्याचं पिंप आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब ठेवा. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका. संपलं. यापेक्षा जास्त काही नसतं त्यात. मी या चार गोष्टींवर पाच महिने घालवले, नेट असं पक्कं केलं की हलायचं नाव नाही, आणि मग स्वतःच्या हाताने एका माणसाचं वाटोळं केलं. ते कसं, हे ऐकायचं असेल तर थांबा. नसेल तर राऊटर उंचावर ठेवा आणि सुखी व्हा.

मी करमाळ्याचा. शाळेत हुशार नव्हतो, पण हेडमास्तरांचा आवाज असा काढायचो की एकदा नववीचा अख्खा वर्ग मी बाहेरून ओरडून मैदानात आणून उभा केला होता. त्याबद्दल खऱ्या हेडमास्तरांनी मला खऱ्या आवाजात खूप काही सांगितलं. पुढे कसाबसा इंजिनियर झालो आणि हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला लागलो. सपोर्ट म्हणजे काय, तर परदेशात कोणाचं काही बंद पडलं की ते आम्हाला फोन करायचे आणि आम्ही इंग्रजीत 'बंद करून परत चालू करा' म्हणायचो. आठवड्यातून दोन दिवस हेच घरून म्हणायचं असायचं. म्हणून मला वायफाय असलेली खोली पाहिजे होती, आणि ती मिळाली काकांकडे. दुसरा मजला, तीन खोल्या, त्यातली मागची माझी. घरात माणसं दोनच, काका आणि मी.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. सदतीस वर्षांतली बहुतेक वर्षं त्यांनी टेस्ट डेस्कवर काढली. त्या काळी तुमचा फोन मेला की तुम्ही तक्रार करायचात, आणि कुठेतरी एक माणूस कानाला हेडफोन लावून तुमची लाईन नुसती ऐकायचा. ऐकून सांगायचा की बिघाड खांबावर आहे, घरात आहे, का जमिनीखाली. तो माणूस म्हणजे आमचे काका. लोक फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायचे तेव्हा त्यांच्या कानाला मोठी किंमत होती. मग सगळं एकदम खुलं झालं, ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, आणि टेस्ट डेस्क ओस पडलं. शेवटची काही वर्षं आपण गप्प हेडफोन लावून बसायचो, असं ते एकदाच म्हणाले होते. 'गप्प हेडफोन' हा शब्द त्यांचाच.

आता एवढा कान असलेला माणूस घरात रिकामा बसणार का? त्यांनी वायफाय ताब्यात घेतलं.

माझा दुसराच दिवस. मी हॉलमध्ये जाऊन म्हणालो, "काका, नेट गेलंय."

"कोणाचं?"

"आपलंच की."

काकांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. चष्मा लावला. "तक्रारदाराचं नाव?"

"काका, मी इथंच उभाय की."

"उभे राहा, हरकत नाही. नाव?"

नाव सांगितलं. खोली कुठली विचारलं, तेही सांगितलं. घरात खोल्या तीन, पण विचारलं.

"लक्षण काय?"

"लक्षण म्हणजे... चालत नाही."

"हळूहळू गेलं की एकदम गेलं?"

"एकदम."

"तक्रार नोंदवली. क्रमांक एक्कावन्न. क्रमांक जपून ठेवा." मग ते उठले, चार पावलं चालले, पॅसेजमधल्या फळीवरच्या राऊटरला कान लावला. खरंच लावला, छातीला लावतात तसा. एक बटण दाबलं, थांबले, परत येऊन खुर्चीत बसले आणि जणू मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं म्हणाले, "एक्कावन्नचे तक्रारदार आपणच का? निवारण झालं. सही करा."

वहीत एक रकाना होता 'कारण'. तो वाचायला मला जाम आवडायचं. 'राऊटरवर ओला टॉवेल.' 'तक्रारदाराची घाई.' 'कारण सापडले नाही, आपोआप बरे झाले.' एका ठिकाणी नुसतंच 'उन्हाळा'.

भिंतींशीही त्यांचं असंच. जुनं बांधकाम, भिंती दीड विटेच्या. काका बोटाच्या पेराने प्रत्येक भिंत वाजवायचे आणि निकाल द्यायचे. "ही बहिरी आहे. ही ऐकते, पण पुढे सांगत नाही. ही बरी." माझ्या खोलीची भिंत ठार बहिरी निघाली. मी म्हणालो, "काका, मग मी बाहेर झोपू का?" ते म्हणाले, "तुम्ही कुठेही झोपा, तुमचं काम तरी कुठे दिसतं?"

एवढा मसाला हाताशी असल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प कसा बसेल? दर रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या मेसमध्ये आम्ही दहाबारा पोरं जेवायला असायचो, आणि माझा नकलांचा कार्यक्रम असायचा, हेडमास्तरांपासून मेसवाल्यापर्यंत. ताट वहीसारखं धरायचं, नाकाच्या शेंड्यावर चष्मा असल्यासारखं बघायचं, आणि म्हणायचं, "तक्रार... नोंदवा." पोरांचा घास अडकायचा. दुसरा आयटम काकांच्या मुलाचा. मुलगा अमेरिकेत. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, पण त्याचा आवाज दर रविवारी संध्याकाळी सातला हॉलमधल्या लॅपटॉपमधून माझ्या बहिऱ्या भिंतीतूनही यायचा. चार-पाच मिनिटं झाली की तो एका विशिष्ट सुरात म्हणायचा, "बाबा... बाबा, आवाज कट होतोय हो. हॅलो? नेटवर्क गडबड करतंय. पुढच्या रविवारी बोलू." 'बोलू'मधला ऊ तो किंचित लांबवायचा. तो ऊ मी असा उचलला होता की मेसचा मालकही टाळी द्यायचा.

एका रविवारी मी हा आयटम करत होतो आणि समोरची पोरं हसायची थांबली. मागे वळून बघितलं तर काका. हातात डबा, आमटी न्यायला आलेले. मला वाटलं, झालं, आता खोली गेली.

काका म्हणाले, "'तक्रार' म्हटल्यावर मी थांबत नाही. 'नोंदवा'च्या नंतर थांबतो. सुधारणा करा." मग डबा पुढे केला, आमटी घेतली, आणि जाता जाता म्हणाले, "दुसरा आवाज मात्र अगदी बरोबर आहे."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं. मी त्या दिवशी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

रविवारचं सांगतो, कारण त्या घरात आठवडा रविवारीच असायचा, बाकीचे दिवस मधले होते. काका दुपारी दाढी करायचे. पाचला शर्टाला इस्त्री. साडेसहाला हॉलमध्ये खुर्ची, समोर टेबलावर लॅपटॉप, मागे भिंत कोरी, कारण चित्र स्वच्छ यावं. वहीत बोलायचे मुद्दे लिहिलेले असायचे. मी एकदा चोरून वाचले. 'थंडी किती. तिकडचे काम. दाताचे काय झाले. इकडचे सर्व ठीक.' शेवटी एक ओळ लिहून खोडलेली. सातला कॉल लागायचा. थंडी व्हायची, काम व्हायचं, दातापर्यंत यायचं आणि आवाज कट व्हायचा. मग काका पॅसेजमध्ये येऊन राऊटरसमोर उभे राहायचे. त्याच्यावर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. आधी तो फोनवर असायचा, फोन गेल्यावर राऊटरवर आला. काका तो नीट करायचे, जणू तो सरकला म्हणून कॉल तुटला.

काकू मी यायच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. हे मला काकांनी सांगितलं नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं. त्यांच्याकडे काका मायक्रोवेव्हबद्दल बोलायला गेले होते तेव्हा मी बरोबर होतो.

"रविवारी सात ते साडेसात आपण दूध गॅसवर तापवू शकाल का?" काका म्हणाले.

"का हो?"

"आपल्या यंत्राच्या लहरी आमच्या लहरींना आडव्या येतात."

"आमच्या येतात आडव्या? मग तुमच्या लहरींना म्हणावं जरा कडेने जा."

काका जिना चढले. मी हसत होतो. खालच्या काकूंनी मला हाताने थांबवलं. "हसू नका. तो पोरगा आईच्या वेळेला आला नाही. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, रोज विचारत होत्या. का आला नाही ते त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. तेव्हापासून हे वायफाय चाललंय." त्या रविवारपासून खाली दूध गॅसवर तापायला लागलं.

मग मीही पेटलो. म्हटलं, अरे आपलं तर कामच हे आहे, परदेशातल्या लोकांचं नेट चालू करतो आणि ज्याच्या घरात राहतो त्याच्या मुलाशी त्याला दात होईपर्यंत बोलता येत नाही? आम्ही दोघांनी लोखंडी कपाट हलवलं, माझी पाठ आठवडाभर गेली. पॅसेजमधलं पाण्याचं पिंप मोरीत गेलं. राऊटर फळीवरून उचलून छताजवळ, माझ्या खोलीच्या दाराबाहेर बसवला. बाहेरून येणारी वायर उंदराने कुरतडलेली होती, ती मी बदलून घेतली. आजूबाजूच्या घरांचे राऊटर ज्या चॅनलवर गर्दी करून बसले होते तो सोडून आमचा रिकाम्या चॅनलवर नेला. काकांना ते फार आवडलं. "म्हणजे लाईन मोकळी," ते म्हणाले. फक्त रुमालाचं अडलं. मी म्हणालो, काका, ते यंत्र तापतं, रुमाल काढा. काकांनी तो काढला, घडी घातली, आणि राऊटरच्या खाली घातला. "आता बसेल ना मोकळं?" मी हो म्हणालो.

दर रविवारी काका तयार. दर रविवारी दात यायच्या आधी किंवा दाताशी, "बाबा, आवाज कट होतोय हो."

पाच महिने झाले. माझी लाज निघायला लागली. मग मी माझ्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लावला. तो दर सेकंदाला बघायचा की नेट आहे का, आणि लिहून ठेवायचा. तीन आठवडे चालू ठेवला. चौथ्या सोमवारी सकाळी चहा घेत उघडून बघितला.

तिन्ही रविवार. सात ते साडेसात. एक सेकंद नेट गेलं नव्हतं. एकही नाही. सरळ रेघ.

मी तो तक्ता बघत बसलो आणि चहावर साय आली. म्हणजे कपाट नव्हतं. पिंप नव्हतं. भिंत बहिरी नव्हती. त्या पोराला चार मिनिटांच्या वर बापाशी बोलायचं नव्हतं, एवढंच. आणि त्याचं ते वाक्य मी दर रविवारी दुपारी मेसमध्ये म्हणून दाखवत होतो. त्या आठवड्यात मी मेसमध्ये कार्यक्रम केला नाही. पोरं म्हणाली, काय रे, घसा बसला का? मी हो म्हणालो.

काकांनी विचारलं, "तुमच्या यंत्राने काय सांगितलं?"

"अजून थोडा प्रॉब्लेम आहे काका," मी म्हणालो. हेडमास्तरांसमोरही इतकं वाईट खोटं बोललो नव्हतो.

"असेल," काका म्हणाले, आणि वहीत काही लिहिलं नाही.

आता इथे माझं डोकं चाललं. माझं डोकं चालतं तेव्हा काय होतं हे नववीच्या वर्गाला माहितीय. मला वाटलं, नेट आपण इतकं चांगलं केलं की त्या पोराचं खोटं आता अगदी उघडं पडणार. काकांना एक दिवस कळणार. त्यापेक्षा लाईन खरंच तुटली तर? पोराला खोटं बोलावं लागणार नाही, काकांना ते ऐकावं लागणार नाही. दोघांचीही अब्रू राहील. राऊटर माझ्या दाराबाहेरच. पुढच्या रविवारी सात वाजून चार मिनिटांनी मी स्टुलावर चढलो आणि बाहेरून येणारी वायर उपटली. हिरवा दिवा लाल झाला.

हॉलमधून काकांचा आवाज आला. "गोठलं! अहो, चित्र गोठलं!" मग ते पॅसेजमध्ये आले. मी तोपर्यंत खोलीत. दार किलकिलं. काका लाल दिव्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, पेपर सोपा गेलेल्या पोरासारखा. "आज खरंच गेली हो लाईन," ते म्हणाले. "आज खरंच गेली."

तो 'खरंच' माझ्या कानावरून गेला. दुसऱ्याचा आवाज उचलणारा मी, आणि तेवढा एक शब्द मला ऐकू आला नाही. मी खूश. दहा मिनिटांनी वायर परत लावली. मग दर रविवारी तेच. मी हॉलमधलं बोलणं ऐकायचंही सोडलं, कानात गाणी घालून बसायचो, मोबाईलवर सात-चार झाले की स्टूल. घड्याळाने काम.

पाचव्या रविवारी मी वायर उपटली आणि काका पॅसेजमध्ये आले नाहीत. "गोठलं" म्हणालेही नाहीत. मी दहा मिनिटांनी वायर लावली. हॉलमध्ये डोकावलं तर ते लॅपटॉपसमोर तसेच बसलेले, दोन्ही हात टेबलावर, तळवे उपडे. नंतर त्यांनी तीनदा कॉल लावल्याचा आवाज आला. तिन्ही वेळा नुसती रिंग.

तो आठवडा काका चहा ठेवायचे, पण कप दाराशी ठेवून जायचे.

सहाव्या रविवारी मी वायरला हात लावला नाही. का कोण जाणे, भीती वाटली. गाणीही लावली नाहीत. थंडी झाली. काम झालं. मग काकांनी मुद्दे सोडून काहीतरी विचारलं, हळू, मला नीट कळलं नाही. तिकडून तो म्हणाला, "कधी? गेल्या वेळी? काही नाही हो बाबा, असंच. आठवत नाही आता." आणि मग, "बाबा, आवाज कट होतोय हो."

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"बाहेर या," काका म्हणाले.

मी गेलो.

"बसा."

बसलो. टेबलावर वही उघडी होती. पाच ओळी, पाच रविवार. वेळ सात वाजून चार मिनिटं, पाचही वेळा. लक्षण, 'चित्र गोठले.' कारणाचा रकाना पाचही वेळा रिकामा.

"कारण भरा."

"काका, मी..."

"पेन तिथे आहे." मी हलत नाही बघून त्यांनी चष्मा काढला. "अहो, खरा बिघाड वेळ पाळत नाही. सदतीस वर्षांत घड्याळ लावून आलेला एक बिघाड मला भेटला नाही. तुमचा बरोबर सात-चारला येतो. मी काय तुम्हाला टेस्ट डेस्कवर शोभेला ठेवलेला माणूस वाटलो?"

"काका, तो खोटं बोलत होता. नेट चांगलं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर..."

"मला कळलं तर? मला?" काकांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लाईन जाते तेव्हा चित्र आधी गोठतं, मग आवाज खरखरतो, मग जातो. माणूस स्वतः फोन ठेवतो तेव्हा शेवटपर्यंत सगळं स्वच्छ असतं. दर रविवारी मी स्वच्छ चित्र बघतोय. त्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याचा सेकंदकाटा फिरताना दिसतो मला. आणि तो म्हणतो, आवाज कट होतोय."

"मग हे सगळं कशाला? कपाट, पिंप, त्या खालच्या काकूंचं दूध?"

"कारण त्याची बाजू त्याची. ही बाजू माझी. माझ्या बाजूने लाईन चोख पाहिजे. तो एक दिवस बोलणार, आज नाही, वर्षाने, पण त्या दिवशी इकडून खोट निघता कामा नये. एवढंच काम होतं माझं. दुसरं मला येतं काय?"

मी खाली मान घातली.

"मान वर करा. पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आज त्याने ठेवला नाही, आज खरंच गेली. दुसऱ्या वेळी कळलं, हे तुम्ही. तरी गप्प बसलो. तीन वेळा गप्प बसलो, ती चूक माझ्या नावावर लिहा. पण पाचव्या वेळी तो काय म्हणाला ठाऊक आहे? कसं असेल, तुम्ही गाणी ऐकत होतात. तीन मिनिटं तो काही बोललाच नाही. मी म्हटलं, थंडी किती. तो म्हणाला, बाबा, थंडी राहू द्या. आईच्या वेळी मी मुद्दाम... आणि गोठला. तोंड उघडं. मुद्दाम काय? मुद्दाम आलो नाही? मुद्दाम नव्हतं? कोणी मुद्दाम कळवलं नाही? दहा मिनिटं मी त्या उघड्या तोंडाकडे बघत बसलो. आज विचारलं, तर म्हणतो, आठवत नाही."

काकांनी वही फिरवून माझ्या बाजूला केली.

"तुम्हाला सगळ्यांचे आवाज येतात. माझा जवळजवळ येतो. त्याचा तर अगदी बरोबर येतो, मी स्वतः मेसमध्ये उभा राहून ऐकलाय. मग काढा त्याचा आवाज. 'मुद्दाम'च्या पुढचं म्हणा."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, काहीतरी म्हणायला.

"म्हणा की. हेडमास्तर येतात, मेसवाला येतो, सगळा गाव येतो, आणि एक वाक्य येत नाही? नाही ना येत? मग दुसऱ्याच्या बोलण्यात हात घालायचा नसतो, एवढं तरी करमाळ्यात कोणी शिकवलं नाही तुम्हाला? लोक आमच्या खात्याला शिव्या देत आले, पण बोलणाऱ्या माणसाची लाईन मी कधी तोडली नाही. तुम्ही घड्याळ बघून तोडलीत, आणि वर उपकार केल्यासारखे खोलीत बसलात. लिहा. कारणाच्या रकान्यात लिहा, 'तक्रारदाराचा चांगुलपणा.' पाचही ठिकाणी. अक्षर नीट काढा. आणि खाली सही करा. तुमची स्वतःची करा, दुसऱ्या कोणाची नको."